बंद पडलेल्या लोकर गिरणीचा इतिहास कसा जुळवावा

गावोगावच्या गिरण्यांचे जे इतिहास छापले गेले, त्यांतले बरेचसे मालकांच्या यादीने सुरू होतात आणि त्याच यादीवर संपतात. कोणी पाया घातला, कोणाच्या हस्ते उद्घाटन झाले, मग कोणी विकत घेतली. गिरणीत नेमके काय तयार होत होते, हे मात्र 'लोकरीचे कापड' या दोन शब्दांत उरकलेले असते. लोकर गिरणीच्या बाबतीत ही चूक महागात पडते. सुती गिरणीचा ढाचा बराचसा ठरलेला असतो. लोकरीच्या मात्र तीन अगदी वेगळ्या जाती आहेत, आणि आपली गिरणी कुठल्या जातीची हे कळल्याशिवाय तिचे कागद वाचताच येत नाहीत. म्हणून आधी प्रक्रिया समजून घ्या, दप्तराला नंतर हात लावा.

गिरणी कुठल्या जातीची?

पहिली जात वुलनची. आखूड धाग्याची लोकर धुवायची, पिंजायची, तिला तेल लावायचे आणि कार्डिंगच्या मोठ्या रुळांवरून काढून कंडेन्सरवर (लोकरीचा थर पट्ट्यांत विभागणारे यंत्र) थेट जाडसर पेळू करायचे. सूत फुगीर आणि केसाळ निघते. विणल्यानंतर कापड साबणाच्या पाण्यात दाबून-आपटून आटवतात (गिरणीत याला मिलिंग म्हणत), मग त्याची लव उठवतात. कांबळी, ओव्हरकोटचे कापड, ट्वीड ही या जातीची उत्पादने.

दुसरी वर्स्टेड. इथे लांब धाग्याची लोकर विंचरतात. लांब तंतूंचे टॉप्स होतात, आखूड तंतू नॉइल म्हणून बाजूला पडतात. टॉप्सचे सूत गुळगुळीत आणि पिळदार निघते. सूटिंग, सर्ज, गॅबर्डिन त्याचेच. आटवण्याचे काम जवळजवळ नसतेच.

तिसरी शॉडी. जुने लोकरी कपडे आणि चिंध्या फाडून पुन्हा सूत काढायचे. इंग्लंडात बॅटली गावी १८१३ च्या सुमारास हा धंदा सुरू झाला. आपल्याकडे पानिपत त्यासाठी प्रसिद्ध आहे. मालकांच्या स्मरणिकेत 'शॉडी' हा शब्द सहसा सापडत नाही. खरेदीच्या वहीत मात्र 'रॅग्ज' लपत नाहीत.

एकाच आवारात दोन जाती नांदत असतील तर त्यांची खाती वेगळी धरा. विशेषतः वर्स्टेड गिरणीने स्वतःचे कोंबिंग (लोकर विंचरण्याचे काम) कधी सुरू केले ते शोधा. त्याआधी ती बाहेरून तयार टॉप्स आणत असणार, म्हणजे तिथे धुलाईखाते नसेल किंवा नावापुरते असेल. या एका तारखेने कच्च्या मालाचे, पाण्याचे आणि कामगारांच्या संख्येचे आकडे एकदम बदलतात. गिरणीच्या आयुष्यातला हा बदल मालकबदलापेक्षा मोठा असतो, असे आमचे मत आहे.

इमारत वाचताना

सोबत पन्नास फुटी टेप, खडू, विजेरी आणि चौकटीची वही घ्या. आधी जमीन पाहा, मग छत. यंत्रे भंगारात गेली तरी त्यांचे पाय फरशीत राहतात.

साचेखात्यात मागांच्या बोल्टची भोके मोजा. सुती माग साधारण चाळीस-पन्नास इंच पन्ह्याचा असतो. वुलनचे कापड मिलिंगमध्ये आटते; ५४-५६ इंच तयार पन्हा हवा तर मागावर ते बरेच जास्त रुंद विणावे लागते, म्हणून वुलनचे माग नव्वद-शंभर इंचांपर्यंत जातात. भोकांच्या जोड्यांमधले अंतर मोठे असेल तर हा माग लोकरीचा होता असा अंदाज बांधता येतो. खात्री मात्र त्यावरून करू नका. सुती चादरींचे मागही रुंद असतात.

सूतकताईच्या खात्यात जमिनीवर लोखंडी रूळ किंवा त्यांच्या खाचा दिसल्या तर तिथे म्यूल, म्हणजे सरकत्या गाड्याचे कताईयंत्र, होते. म्यूलचा गाडा साधारण सहा फूट पुढे येऊन मागे जातो. म्यूलची लांबी मिळाली की चात्यांचा (सूत पिळणाऱ्या काठ्यांचा) अंदाज निघतो. वुलन म्यूलमध्ये दोन चात्यांमधले अंतर सव्वादोन इंच धरले तर ३६० चात्यांना ८१० इंच, म्हणजे साडेसदुसष्ट फूट लागतात. मधल्या हेडस्टॉकची, म्हणजे गाडा चालवणाऱ्या यंत्रणेची, जागा वेगळी. हिशेब उलटा करताना हेडस्टॉकची जागा वजा करायला विसरलात तर चात्या फुगतात.

धुलाईखाते ओळखण्याची खूण म्हणजे उताराची फरशी, रुंद गटारे आणि शेजारी पाण्याचा स्रोत. लोकर चार-पाच हौदांतून साबण आणि सोड्याच्या कोमट पाण्यात धुतात. पाणी ५०-५५ अंश सेल्सियस असते. फार तापवले तर लोकर पिवळी पडते आणि गुंतून नमद्यासारखी होते. पाणी जड असले की साबण फाटतो आणि त्याचा चिकट थर लोकरीवरच बसतो. म्हणून लोकर गिरणी कुठे उभी राहिली याचे कारण शोधताना रेल्वेच्या आधी पाणी पाहा. पंजाबातली धारीवालची गिरणी (१८८०) कालव्याच्या काठी आहे, ती उगीच नाही.

दातेरी छपरांची काचेची बाजू कुठल्या दिशेला आहे ते नोंदवा. भारतात ती उत्तरेला असते, कारण तिकडून दिवसभर सारखा उजेड येतो आणि ऊन थेट मागांवर पडत नाही. एखाद्या शेडची काच भलत्याच दिशेला असेल तर ती इमारत मुळात दुसऱ्या कामासाठी बांधलेली असू शकते.

एखादे यंत्र उरले असेल तर त्याच्या ओतीव लोखंडावरची अक्षरे खडू घासून वाचा. गावाचे नाव पुष्कळ सांगते. कीथली गावची प्रिन्स स्मिथ दिसली तर वर्स्टेड. डॉबक्रॉसची हचिन्सन हॉलिंगवर्थ दिसली तर लोकरीचे रुंद माग. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स सगळेच बनवत असे, त्यामुळे तिच्यावरून जात ठरत नाही. यंत्रावरचे वर्ष यंत्र बनल्याचे असते, ते गिरणीत बसवल्याचे नव्हे. जुनी यंत्रे दुसऱ्या हाताने घेण्याची पद्धत सर्रास होती. १९१२ चा माग दिसला म्हणून गिरणी १९१२ ची होत नाही.

आता एक इशारा, आणि तो मनावर घ्या. कच्च्या लोकरीतून पसरणारा अँथ्रॅक्स इंग्लंडात 'लोकर निवडणाऱ्यांचा रोग' म्हणूनच ओळखला जाई. त्याचे बीजाणू जमिनीत आणि धुळीत कित्येक दशके तग धरतात. कच्च्या मालाच्या गोदामात झाडलोट करू नका, फळ्या उचकटू नका, धूळ उडवू नका. बॉयलरच्या पाइपांवरचे पांढरट वेष्टण ॲस्बेस्टॉसचे असू शकते. त्याला हात लावू नका. कार्बोनायझिंगच्या खोलीत, म्हणजे लोकरीतले काटे-कुसळ सौम्य गंधकाम्लाने जाळून काढत तिथे, फरशी आतून खाल्लेली असते. वरून धड दिसली तरी पाय टाकू नका.

आकड्यांचे सापळे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पहिला सापळा '६४' सारख्या आकड्याचा. कच्च्या मालाच्या वहीतला ६४ म्हणजे लोकरीचा दर्जा, साधारण २१ मायक्रॉनची मेरिनो (मेरिनो मेंढीची तलम लोकर). सूतखात्याच्या वहीतला ६४ म्हणजे सुताचा नंबर. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घातले की सगळे गणित कोलमडते. आकडा कुठल्या खात्याच्या वहीत आहे हे त्याच्याशेजारी लिहूनच तो उतरवून घ्या.

सुताचा नंबरही एकाच पद्धतीचा नसतो. वर्स्टेडमध्ये एका पौंडात ५६० वारांच्या जितक्या लड्या बसतात तो नंबर. यॉर्कशायरच्या वुलन पद्धतीत लडी २५६ वारांची. सुतीत ती ८४० वारांची. टेक्समध्ये (एक किलोमीटर सुताचे ग्रॅममधले वजन) आणायचे तर वर्स्टेड नंबराने ८८५.८ ला भागा, वुलन नंबराने १,९३८ ला. '२/४८ वर्स्टेड' म्हणजे ४८ नंबरच्या दोन पदरांचे पिळलेले सूत, प्रत्यक्षात २४ नंबरचे: पौंडाला १३,४४० वार, सुमारे ३७ टेक्स. बारा नंबरचे वुलन सूत सुमारे १६१ टेक्सचे. म्हणजे २४ आणि १२ या नंबरांत फरक दुप्पट, सुतांच्या जाडीत मात्र साडेचार पटींच्या जवळ.

दुसरा सापळा मणाचा. रेल्वेचा आणि सरकारी मण ८२ २/७ पौंडांचा, ३७.३ किलो. मुंबई बाजाराचा मण मात्र २८ पौंडांचा, १२.७ किलो. दोन्हींत जवळजवळ तिप्पट फरक आहे. वहीत नुसते 'मण' असेल तर त्याच मालाची रेल्वे पावती किंवा पौंडातली नोंद शोधा आणि ताडून पाहा. सापडली नाही तर मणच लिहा. रूपांतर करून खोटी अचूकता आणू नका.

कापडाचे वजन जुन्या कागदांत वाराला औंस असे असते, आणि ते पूर्ण पन्ह्याच्या एका वाराचे असते. ५४ इंच पन्ह्याचे १८ औंसी कापड चौरस मीटरला सुमारे ४०७ ग्रॅम भरते. पन्हा माहीत नसेल तर हे रूपांतर होत नाही.

पैशांच्या नोंदी १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या असतील तर रुपयाला १६ आणे आणि आण्याला १२ पै, म्हणजे १९२ पै. २ रुपये ५ आणे ६ पै म्हणजे २.३४ रुपये. पगारपत्रकातले '२-५-६' घाईत २.५६ वाचले गेल्याची उदाहरणे छापील पुस्तकांतही सापडतात.

तिसरा सापळा उत्पादनाच्या फुशारक्यांचा. माग मिनिटाला ९० धोटे मारतो आणि कापडात इंचाला ४० बाणे (आडवे धागे) आहेत असे धरा. एका वाराला १,४४० बाणे लागतात. ७० टक्के वेळ माग चालला तर तासाला सव्वादोन ते पावणेतीन वारांच्या दरम्यान, नेमके सांगायचे तर २.६ वार निघतात. नऊ तासांच्या पाळीत साडेतेवीस वार. पन्नास मागांची गिरणी एका पाळीत बाराशे वारांच्या आसपास विणेल. स्मरणिकेत 'दररोज दहा हजार वार' असेल तर एक तर तीन पाळ्या आणि बरेच जास्त माग होते, किंवा आकडा भाषणातला आहे.

कच्च्या लोकरीच्या वजनावरून कापडाचा अंदाज करताना धुलाईतली घट धरा. मेरिनोच्या मेणचट लोकरीतून धुतल्यावर साधारण ५० ते ७० टक्के माल उरतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीत मेण कमी असते. पण ती भरड असते, कांबळ्याच्या कामाची. सूटिंगच्या गिरणीने दख्खनी लोकर घेतल्याची नोंद दिसली तर त्या गिरणीत कांबळीखातेही होते का, ते तपासा.

कागद कुठे आणि कसे पाहावेत

कंपनीच्या कागदांपासून सुरुवात करायची सवय असते. सोपे असते म्हणून ती करा, पण कंपनीचे जन्मवर्ष गिरणीच्या माथी मारू नका. आजच्या कंपन्यांना एकवीस अक्षरांचा ओळखक्रमांक असतो: पहिले अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही ते सांगते, पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरे, मग चार आकडी नोंदणीवर्ष, तीन अक्षरांचा प्रकार आणि सहा आकडी क्रमांक. हे वर्ष कंपनीच्या नोंदणीचे असते. पाया, यंत्रांची मांडणी, पहिला तागा आणि नोंदणी या चार वेगळ्या तारखा असू शकतात. त्या चारही वेगळ्या रकान्यांत लिहा.

नावबदलही नीट पकडा. ठाण्यात १९२५ मध्ये वाडिया मिल म्हणून सुरू झालेली गिरणी पुढे रेमंड या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९४४ मध्ये कैलाशपत सिंघानिया यांच्याकडे आली. नुसते आजचे नाव घेऊन जुनी दप्तरे चाळली तर सुरुवातीची वर्षे हाताला लागत नाहीत. गिरणी मोठ्या गटात गेली असेल तर तिचे कागदही गटाच्या गावी गेलेले असतात. कानपूरची १८७६ ची लोकर गिरणी, जिला सगळे 'लाल इमली' म्हणतात, आणि धारीवालची गिरणी १९२० मध्ये ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनच्या छत्राखाली आल्या. त्या कंपनीचे शेअर १९८१ च्या कायद्याने केंद्र सरकारने घेतले. म्हणजे पंजाबातल्या गिरणीचा माग काढताना कानपूर आणि दिल्ली दोन्ही गाठावे लागते.

गिरणी महाराष्ट्रातली असेल तर जमिनीचे कागद सोडू नका. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, त्यामागचे फेरफार आणि नोंदणी कार्यालयातले खरेदीखत. फेरफारात तारखेसह कारण लिहिलेले असते: खरेदी, गहाण, वारस, न्यायालयाचा हुकूम. बँकेकडे गहाण पडल्याची नोंद आणि नव्या यंत्रांची खरेदी यांच्या तारखा अनेकदा जुळतात. सिटी सर्व्हेचा जुना नकाशा आणि आजची मोजणी एकमेकांवर ठेवली की कुठली शेड केव्हा वाढली हेही उमगते. मुंबईतले राज्य पुराभिलेखागार, दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ऑनलाइन 'अभिलेख पटल' आणि जुनी जिल्हा गॅझेटियर ही पुढची पायरी.

आजारी पडलेल्या गिरणीचा शेवट बहुधा बीआयएफआरच्या, म्हणजे आजारी उद्योगांसाठीच्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाच्या, कागदांत असतो. १९८५ च्या कायद्याने नेमलेले हे मंडळ २०१६ मध्ये बंद झाले. त्याच्या आदेशांत देणी, कामगारसंख्या आणि बंद खात्यांची यादी अशी माहिती मिळते, जी कंपनी अहवालात देत नाही. लिक्विडेशन (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणे) झाले असेल तर उच्च न्यायालयाच्या अधिकृत लिक्विडेटरकडची यंत्रांची यादी मागा. गिरणीच्या शेवटच्या दिवशी आत काय होते, याचा तो जवळजवळ पंचनामाच असतो.

कामाचे तास पाहून तारीख ठरवणे

हजेरीपटावर वर्ष नसेल तर तास आणि वये पाहा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि १२ पर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि बायकांना ११ तासांची मर्यादा आली. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी प्रथमच १२ तासांची हद्द घातली गेली. १९२२ पासून दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने १० आणि ५४, १९४६ च्या दुरुस्तीने ९ आणि ४८. १९४८ च्या कायद्यानेही तेच ठेवले. साठ तासांचा आठवडा लिहिलेला पट १९२२ च्या मागे-पुढे केव्हाचाही असू शकतो, कारण कायदा कमाल मर्यादा सांगतो. पण त्यावर दहा वर्षांचे मूल दिसले तर तो पट १९२२ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, किंवा गिरणी कायदा मोडत होती. दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

लेबलांवरून तारीख ठरवताना सहा आकडी पिनकोड दिसला तर लेबल ऑगस्ट १९७२ नंतरचे. वुलमार्कचे (शुद्ध लोकरीचे) चिन्ह असेल तर १९६४ नंतरचे. पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर मे १९६० च्या आधी छापलेले. जुना कागदसाठा संपेपर्यंत वापरायची कारकुनी सवय लक्षात घेऊन वर्षभराची ढील द्या.

माणसांना काय विचारावे

'गिरणीबद्दल सांगा' असे म्हणालात तर भोंगा, संप आणि दिवाळीचा बोनस एवढेच ऐकायला मिळेल. आधी खाते विचारा, मग यंत्र, मग हात. तुमच्याकडे किती माग होते? कांडी संपली की कोण आणून देई? बदलीला किती दिवस थांबावे लागे? मिलिंगला कापड किती वेळ ठेवत, आणि ते जास्त आटले तर कोणाच्या पगारातून कापत? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण खुलतात. फोटो असेल तर तो हातात देऊन विचारा, आणि माणसांची नावे फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नव्हे.

तारखांच्या बाबतीत आठवणीवर भार टाकू नका. मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या कामगारांच्या सांगण्यात जवळजवळ प्रत्येक टाळेबंदी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जाऊन मिसळते. तो संप सुती गिरण्यांचा होता. लोकर गिरणीत त्या वर्षी काय घडले हे पगारपत्रकावरून स्वतंत्रपणे पाहा. लग्न, मुलाचा जन्म, निवृत्तीचे वर्ष यांच्या आधाराने घटना पुढे-मागे लावता येतात. भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या तर त्याहून पक्क्या.

लष्करी मागणीचा प्रश्न प्रत्येकाला विचारा. लोकर गिरण्यांची भरभराट दोन्ही महायुद्धांशी घट्ट बांधलेली आहे: खाकी सर्ज, कांबळी, ओव्हरकोट. कामगारसंख्या एकदम वाढून दोन-तीन वर्षांत घसरलेली दिसली तर आधी १९१४-१८ आणि १९३९-४५ शी ताडून पाहा, मग मालकाच्या कर्तबगारीकडे वळा. टेरिवूलची (पॉलिएस्टर आणि लोकरीच्या मिश्र कापडाची) नोंद दिसू लागली की गिरणीचे कच्च्या मालाचे गणित बदलले. त्या वर्षापासून लोकरीच्या खरेदीचे आकडे घसरले म्हणून उत्पादन घटले, असा निष्कर्ष काढू नका.

लिहायला बसताना

एक मोठा तक्ता करा: वर्ष, घटना, कुठल्या कागदावरून, आणि खात्रीचा दर्जा. दर्जा तीनच ठेवा: कागदावर त्याच वेळी लिहिलेले, नंतर आठवणीने सांगितलेले, आपण अंदाजाने काढलेले. दोन कागदांत दोन तारखा असतील तर दोन्ही तक्त्यात राहू द्या आणि मजकुरात 'अमुक सालापूर्वी' असे लिहा. सोयीची तारीख निवडण्याचा मोह इथेच होतो, आणि एकदा छापली की ती फलकावर चढते.

चात्या आणि माग नेहमी एकत्र द्या. नुसत्या चात्या दिल्या तर गिरणी सूत विकत होती की स्वतः विणत होती हे कळत नाही. म्यूलच्या आणि रिंगच्या (गाडा नसलेल्या कताईयंत्राच्या) चात्या वेगळ्या दाखवा, कारण रिंगची चाती अखंड सूत काढते आणि म्यूलची गाडा मागे जाताना कताई थांबवते. कापडाचे तुकडे मिळाले तर ते आम्ल नसलेल्या कागदात, न घडी घालता, गुंडाळून ठेवा. तुकड्याच्या कडेला पाडलेला गिरणीचा शिक्का किंवा किनारीत विणलेले नाव कापून टाकू नका. तागा कुठल्या गिरणीचा हे सिद्ध करायला बहुतेक वेळा तेवढेच उरलेले असते.